डागी खांदा

“बाबा, हे चामडं तुम्ही स्वतः शिवलंत, तर टाका टिकेल?”

विचारलं तोफेनं, पण बत्ती लावली होती उंटानं. उंट म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. प्रार्थनेच्या रांगेत कायम शेवटी, त्यामुळे कुजबुजायला तिला मुबलक वेळ. त्या सकाळी ती तोफेच्या कानाशी लागली होती, “परक्या शाळेच्या मास्तरांना वादविवादात गप्प करतेस ना? मग घरच्या मास्तरांना एवढं एक विचारून दाखव. नाहीतर कबूल कर, तोफ शाळेत उडते आणि घरी दमट होते.”

गेल्या वर्षापर्यंत बाबांची ही मुलगी वर्गात पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारायला लाजायची. मग एकदा जीव मुठीत धरून स्पर्धेत बोलली, ढाल घेऊन आली, आणि तोंडाला जे कुलूप होतं त्याची किल्लीच कुठेतरी हरवली. तेव्हापासून ती तोफ. तिला दमट म्हणायचं म्हणजे काय!

आणि विचारायची वेळ तर समोर चालूनच आली. बाबांकडे शिवायला शिकणाऱ्या घुमीचा पट्टा तिच्या डोळ्यांदेखत फाटला.

घराच्या मागं पत्र्याची शेड होती, तिथं बाबांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब बाक, भिंतीवर भोकं पाडायच्या आऱ्या आणि चामडं कापायच्या रापी, आणि आढ्याला एक हुक. दुपारनंतर तिथं शिकाऊ मुली बसायच्या, तोफ आणि उंटही त्यांच्यात. शिकणारीनं चामड्याच्या दोन पट्ट्या जोडून शिवायच्या, त्या हुकाला टांगायच्या, खाली जुन्या तराजूचं लोखंडी माप अडकवायचं आणि बाबांचा चहा संपेपर्यंत वाट बघायची. शिवण टिकली तर हात आहे. उसवली, फाटली तर हात नाही. बाबांच्या वडिलांनी हीच परीक्षा घेतली होती, त्यांच्या वडिलांनीही हीच.

घुमीचा पट्टा चहा निवायच्या आधीच गेला. दोरा शाबूत होता. चामडंच टाक्याटाक्यावर चिरत गेलं, ओल्या कागदासारखं, आणि माप धाडकन खाली आलं. घुमी काही बोलली नाही. ती बोलतच नसे, म्हणून तर घुमी. तिनं फक्त पाय मागं घेतले.

“हात हलका आहे हिचा,” बाबा म्हणाले, “भाजीची जुडी बांधल्यासारखा.”

तेव्हा तोफ उठली आणि तो प्रश्न विचारला. शेडमध्ये सगळ्यांच्या सुया जागच्या जागी थांबल्या.

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांना राग आला की ते आधी हसत.

“नाचता येईना, अंगण वाकडं. आता ह्या बाईसाहेबांना अंगण वाकडं दिसतंय, उद्या बाप वाकडा दिसेल.”

मुली हसल्या. उंटसुद्धा हसली, चांडाळ! तोफेचे कान तापले.

“पण बाबा, मी विचारलं ते—”

“ढाल आणलीस म्हणून जिभेला हाड उरलं नाही का? ऊठ. बाकावरून ऊठ. मागं जा आणि आईबरोबर तेल लावत बस. आठवडाभर आरीला हात लावायचा नाही.”

ती उठली. घुमीच्या मावशीकडे जाणारा निरोपही तिनं जाता जाता ऐकला: “शनिवारी शेवटची संधी. नाही जमलं तर मावशीला सांग, घेऊन जा म्हणावं.”

घुमीची मावशी काही वाईट बाई नव्हती, पण तिच्या घरात खाणारी तोंडं जास्त आणि कमावणारे हात कमी. तिनं सरळच सांगितलं होतं, शिवणकाम जमलं तर ही शाळेतही राहील, नाही जमलं तर वीटभट्टी. घुमीचा शाळेतला बाक तोफेच्या शेजारी होता. तो रिकामा होणार होता, आणि कशावरून, तर एका फाटक्या पट्टीवरून.

*

मागच्या पायरीवर आई बसलेली. समोर शिकाऊंसाठी कापलेले चामड्याचे चौकोन, बाजूला तेलाची वाटी आणि चिंधी. आई एकेक चौकोन घ्यायची, तेल चोळायची, मग कोरड्या फडक्यानं घासायची. चौकोन आरशासारखा चमकायला लागे.

“आलात? या,” आई म्हणाली. “वरून बढती झाली वाटतं.”

“आई, चेष्टा नको.”

“चेष्टा कसली. तो काळा गठ्ठा तुझा.”

तोफेनं चिंधी ओढली आणि चौकोनावर सगळा राग काढला. घासला, दाबला, वाकवला. वाकवल्यावर आतल्या बाजूला बारीक सुरकुत्यांचं जाळं उठलं आणि सोडल्यावरही गेलं नाही. दोन्ही हातांनी ओढला तर चौकोन मळलेल्या कणकेसारखा लांबला आणि लांबलेलाच राहिला.

“हे जनावराच्या पोटाकडचं, सैल चामडं आहे ना सगळं?”

“मग काय पाठीचं देणार शिकायला? पाठीचं चामडं यंदा मोठे कारखाने गाडीतून उतरायच्या आधीच उचलतात. पाण्यावाचून चामडं कमावायची कामं निम्मी बंद पडलीत. बाबांच्या स्वतःच्या बाकावर तरी पाठ कुठं आहे बघ. ह्या शिकाऊ मुली हे चौकोन विकत घेतात म्हणून ह्या उन्हाळ्यात चूल पेटतेय आपली.”

“आणि त्याच मुलींना हे? त्यात वरून तेल? आधीच सैल, त्यात तेलानं आणखी मऊ. सुई लागली की फाटणारच!”

“तेल लावलं नाही तर चमकत नाही. चमकलं नाही तर कोण घेईल?”

“तुला माहीत होतं?”

आईनं हातातला चौकोन उलटा केला आणि दुसरी बाजू घासायला घेतली. “मी तेल लावते. मला विचारू नकोस.”

तोफ गप्प बसणारी नव्हती. “मग पाठ महाग आणि पोट कुजकं, ह्याच्या मध्ये काहीच नाही का? खांद्याचं?”

“असतं की. गोदामात ढीग पडलेत खांद्यांचे. पण डागी. जनावर तारेत घुसतं, गोचीड चावतं, एकमेकांना शिंगं मारतात, सगळं खांद्यावर. आणि डागी चामडं आपल्या उंबऱ्याच्या आत येत नाही. तुझ्या पणज्यापासूनचा नेम आहे. आपल्या मालावर डाग शोधून दाखवा, असं म्हणत म्हातारा बाजारात बसायचा. लोक मुद्दाम भिंग घेऊन यायचे.”

“म्हणजे देखणं कुजकं चालतं, पण मजबूत कुरूप चालत नाही!”

“हळू बोल.”

“का हळू?”

“कारण तू बरोबर बोलतेयस,” आई म्हणाली आणि पुढचा चौकोन घेतला. “बरोबर बोलणाऱ्यानं हळू बोललेलं बरं असतं.”

हे ऐकून तोफेचा राग दुप्पट झाला. आधी एकट्या बाबांवर होता, आता त्यात तेलाची वाटीही आली.

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती उंटाला आणि घुमीला घेऊन गोदामात गेली. बंदी आरीला हात लावायची होती, चामडं बघायची नव्हती.

गोदाम म्हणजे रस्त्याच्या टोकाला एक उंच, अंधारी खोली. दारातच गोदामवाली खुर्चीत बसलेली. खुर्ची तिला पुरत नव्हती, पण ती खुर्ची सोडत नव्हती. कमावलेल्या चामड्याचा कडवट, सालीसारखा वास आला आणि घुमीनं पहिल्यांदाच खोल श्वास घेतला, जणू तिला तो आवडला.

“मास्तरांची पोरगी ना तू? बाबांना म्हणावं, पाठीचा माल नाही. पुढच्या महिन्यातही नाही.”

“मला पाठ नकोय. डागी खांदे दाखवा.”

गोदामवालीनं हातपंखा थांबवला. “कुणाला? तुझ्या बाबांना? अगं, मागं एकदा चुकून एक डागी तुकडा गेला होता, तर त्यांनी चिमट्यात धरून परत आणला, मेलेला उंदीर आणावा तसा!”

“मला हवेत.”

ढीग अगदी मागच्या भिंतीला होता, धुळीनं राखाडी झालेला. तोफेनं वरचा खांदा ओढून दाराच्या उजेडात आणला. काय रूप होतं! मधोमध तारेचा लांब ओरखडा, पांढरा पडलेला. कडेला गोचिडांच्या चाव्यांची खळगी, देवी आल्यासारखी. मानेकडे जाड वळ्या. उंट म्हणाली, “अय्या, हे तर आपल्या गणिताच्या बाई!”

पण तोफ हसली नाही. तिनं खांदा वाकवला. आतली बाजू गुळगुळीत राहिली आणि सोडल्यावर तो पुन्हा ताठ झाला, रुसल्यासारखा. तिनं नख रोवलं, खूण उठली आणि विरली. कडेला धरून ती आणि उंट दोघींनी विरुद्ध बाजूंना ओढलं, पाय रोवून, दात आवळून. काही झालं नाही. उंटाची चप्पल मात्र निसटली आणि ती धुळीत बसली.

“ओरखड्यावर शिवायचं नाही,” गोदामवाली बसल्या जागेवरून म्हणाली. “तेवढं वगळून पट्ट्या काढ. तार खोल गेली असेल तर तिथंच फाटतं. बाकी वरवरचं. चेहरा खराब, अंग धडधाकट.”

“हा कितीला?”

“घेतंय कोण त्याला? जागा अडवून बसलेत. पैसे राहू देत. हा सगळा ढीग झाडून, बुरशी पुसून, मोठे खाली आणि छोटे वर असा रचून द्या. त्यातला एक तुमचा. पोरींनो, फुकट नाही देणार, फुकटच्या चामड्याला कुणी जपत नाही.”

तिघींनी ते दोन संध्याकाळी केलं. एकेक खांदा ओल्या सतरंजीसारखा जड. खांद्यावर खांदा घेऊन भिंतीपर्यंत जायचं, टाकायचा, परत यायचं. बुरशीची पांढरी पूड नाकातोंडात गेली. उंट शिंकत राहिली आणि प्रत्येक शिंकेला तोफेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. कडांनी हातांना चिरा पडल्या, घाम त्यात झोंबला. घुमी मात्र एका शब्दानं कुरकुरली नाही. शेवटी त्यांचा खांदा निवडायची वेळ आली तेव्हा तिनंच ढिगातून एक ओढून काढला. सगळ्यात विद्रूप, पण सगळीकडे सारख्या जाडीचा.

“हा,” ती म्हणाली.

त्या आठवड्यातला तिचा तो एकमेव शब्द असावा.

*

गुंडाळी सायकलवर घालून त्या घरी आल्या तेव्हा बाबा दारातच उभे होते. गुंडाळीची एक कड उलगडली होती आणि ओरखडा आकाशाकडे बघत होता.

“हे काय आहे?”

“शिकाऊंचं चामडं.”

“कुणी सांगितलं आणायला?”

“कुणी नाही.”

“मागं फिरव.”

“बाबा, एकदा वाकवून तरी बघा. एकदाच—”

“ह्या उंबऱ्याच्या आत डागी चामडं येणार नाही!” बाबांचा आवाज फुटला. रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला आणि त्याच्यामागं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही. “आधीच लोक विचारतात, मास्तर, तुमच्या बाकावर काम दिसत नाही. आता हे बघतील. म्हणतील, संपला हा. उकिरड्यावरचं शिवायला लागला.”

हे बोलताना ते उजवा अंगठा दाराच्या चौकटीवर घासत होते, चामडं दाबून दाबून चपटा झालेला अंगठा. तोफेला तो दिसला. क्षणभर तिला काही तरी वाटलं. पण तेवढ्यात ते घुमीकडे वळून म्हणाले, “आणि तू. हिच्या नादी लागण्यापेक्षा हात सुधारला असतास तर.” झालं! ते वाटलेलं काही तरी जळून गेलं.

“आत नको ना?” तोफ म्हणाली. “बरं. मग बाहेर.”

उंबऱ्याला लागून जी भिंत होती, तिच्या सावलीत तिनं दोन खोकी उलटी टाकली. आरीची बंदी होती, म्हणून आरी तिनं उंटाला घ्यायला लावली आणि सुया घुमीला. स्वतः खडूनं ओरखडे टाळत पट्ट्या आखल्या. उंटानं रापीनं कापल्या, जीभ बाहेर काढून. घुमीनं दोऱ्याला मेण लावलं आणि एकाच भोकातून दोन्हीकडून ओवायचा दोन सुयांचा टाका घालायला घेतला.

आणि मग फजिती झाली. पट्टी शिवून झाली, तोफेनं दोन्ही टोकं धरून ताणली, आणि टाके ढिले होऊन त्यांच्या मधून पलीकडचा रस्ता दिसायला लागला. चामडं फाटलं नाही, शिवणच बसली नव्हती. तोफेनं रागानं सुया हिसकावल्या आणि बंदीबिंदी विसरून स्वतः शिवून बघितलं. तिचीही तशीच! तिची, मास्तरांच्या पोरीची, जी शिकाऊंमध्ये सगळ्यात हुशार म्हणून मिरवत होती!

न्हाव्याचं गिऱ्हाईक खो खो हसलं.

तोफेच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे बाबा खरंच बोलत होते? हात हलकाच होता? फक्त घुमीचाच नाही, तिचाही?

आई बादली रिकामी करायला बाहेर आली होती. पाणी रस्त्यावर फेकून ती पट्टीकडे बघत थांबली. मग तिनं बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि खोक्याशी उकिडवी बसली.

“तुम्ही दोरा ओढताय कुठं? कुरवाळताय.”

“जोरात ओढलं की फाटतं, आई. सवयच लागलीय—”

“ते फाटतं. हे नाही फाटत.” आईनं घुमीचे दोन्ही हात आपल्या तेलकट हातांत धरले आणि दोरा दोन्हीकडे असा खेचला की टाका कुट्टकन चामड्यात रुतला. “असं. मुकाट्यानं ओढ. ते काही रडत नाही.”

घुमीनं ओढलं. कुट्ट. पुन्हा ओढलं. कुट्ट.

तोफ बघत राहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हात हलका म्हणून चामडं फाटत नव्हतं. चामडं फाटायचं, म्हणून हात हलका होत गेला होता! त्या तेल लावलेल्या पोटावर जपून जपून शिवत सगळ्याच पोरी भित्र्या झाल्या होत्या, आणि त्या भीतीला बाबा हात नाही म्हणत होते. किती जणी अशा घरी गेल्या असतील? मान खाली घालून, आपल्यातच खोट आहे असं समजून?

तिला ओरडावंसं वाटलं. पण तिनं आखणीचा खडू उचलला आणि पुढची पट्टी आखायला घेतली. शुक्रवारचा अंधार पडेपर्यंत घुमी शिवत होती, उसवत होती, शिवत होती. बोटांवर दोऱ्याचे लाल वळ उठले. उंटानं त्यांच्यावर फुंकर घातली आणि म्हणाली, “वा! आता तूही डागी.” आणि घुमी हसली.

*

शनिवारी मावशी आली, पदरानं वारा घेत. “मास्तर, काय ते एकदा सांगा. न्यायची की ठेवायची?”

घुमीनं पट्टा पुढं केला. बाबांनी तो घेतला नाही.

“डागी चामडं माझ्या हुकाला लागणार नाही.”

मावशी बघत राहिली. तिला चामड्यातलं काही कळत नव्हतं, तिला फक्त हो किंवा नाही हवं होतं. तोफ काही बोलणार, तेवढ्यात आतून फरफट ऐकू आली. आई ते लोखंडी माप दोन्ही हातांनी ओढत बाहेर आणत होती. कुणाकडे न बघता तिनं घुमीच्या हातातला पट्टा घेतला, खिडकीच्या गजाला अडकवला आणि खाली माप लावलं. मग आत गेली आणि बाबांचा चहा घेऊन आली.

“घ्या,” ती म्हणाली. “निवांत प्या.”

बाबांनी कप घेतला, पण प्यायला नाही. चहावर साय धरली. न्हावी दुकान सोडून आला. पट्टा गजावर लोंबत राहिला. ताणला, करकरला, आणि थांबला. एक टाका हलला नाही. शेवटी बाबा उठले, पट्ट्याच्या मागं अंगठा घातला आणि शिवणीवरून खालपर्यंत नेला. खाली पोचल्यावर अंगठा परत वर आला आणि पुन्हा खाली गेला.

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“चामडं दणकट होतं म्हणून टिकलं,” बाबा म्हणाले. “त्यात हिचा काय हात?”

मावशीनं उसासा टाकला आणि घुमीचं मनगट धरलं. “चल गं.”

“थांबा!” तोफ आडवी आली. इतकी रागावली होती की आवाज चढलाच नाही, उलट खाली उतरला. “मावशी, तिला सोडा. बाबा, फाटलं की हाताचा दोष आणि टिकलं की चामड्याचा गुण? मग शिकणारीच्या वाट्याला कधी काय येणार? तुम्ही अंगठा दोनदा फिरवलात. मी बघितलं. चांगली शिवण असली की तुम्ही दोनदा फिरवता. माझ्या शिवणीवर तुम्ही आजवर एकदाच फिरवलाय.”

न्हावी चुळबुळला. बाबांनी नजर पट्ट्यावरून हलवली नाही.

मावशीनं एकदा मास्तरांकडे, एकदा मापाकडे बघितलं. “मास्तर नाही म्हणतायत. मग हिला शिकवणार कोण?”

तोफेनं बाबांकडे पाहिलं, मग दारात उभ्या आईकडे. मग ती खोक्यापाशी जाऊन उभी राहिली आणि बोलली.

“आई, बाबा, दोघंही ऐका. मी ठरवलंय. सोमवारपासून शाळा सुटली की मी गोदामात जाणार. ढीग रचून देणार आणि त्या बदल्यात शिकाऊंसाठी खांदे निवडून आणणार. वाकवून, ओढून, ओरखडे सोडून पट्ट्या मीच काढणार. घुमी इथं ह्या भिंतीशी बसेल, टाका ओढायला आईनं शिकवलंच आहे, पुढचंही तीच दाखवेल, आणि तिच्याबरोबर मीही पहिल्यापासून शिकणार, कारण माझाही हात बिघडलाय. ज्या कुणा पोरीला आतून हात नाही म्हणून घालवाल, तिला मी बाहेर बसवणार. तुम्ही शिकवायला आलात तर तुमच्यासाठी खोकं मांडून ठेवीन. नाही आलात तरी आम्ही बसणार.”

मावशीनं घुमीचं मनगट सोडलं.